हत्तुरे टायपिस्टांची तंद्री

गुरुसिद्धप्पा हत्तुरे आमच्या कचेरीत मराठी टायपिस्ट होते. त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझं त्याला चिकटून, त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्यांचा डावा कान पाहत आलो. पहिल्या सहा वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते एकत्र केलं तर एका दुपारात आटपेल. मूळ गाव मंद्रूप, घरी कानडी, कचेरीत मराठी. दोन्ही भाषा उत्तम यायच्या आणि दोन्हींत ते गप्पच असत. साहेबांनी काही विचारलं तर ‘व्हय’, कुणी चहाचं विचारलं तर ‘चालेल की’, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

पण मशीनपुढे बसले की बघत राहावं. मसुदा डाव्या हाताला उभा करायचा, चार कागदांत तीन कार्बन घालायचे आणि सुरू. ओळ संपत आल्याची घंटा वाजली की हात आपोआप उठून मशीनची गाडी मागे सारायचा आणि पुन्हा बोटं धावायला लागायची. त्या वेळी हाक मारून उपयोग नसे. एकदा खिडकीतून माकड आलं, त्यांच्या टेबलावर बसून त्यांचा डबा उघडला, दोन भाकरी घेतल्या, चटणीचा वास घेऊन ती मात्र ठेवून गेलं. हत्तुरे आपले ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ टाइप करत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्यात नुसती चटणी पाहिली आणि बायको दाक्षायणीबाई भाकरी द्यायला विसरल्या असं समजून घरी तक्रारही केली नाही.

या माणसाला आपण काय टाइप करतोय याचा पत्ता नसतो, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. सर्वांत जास्त माझी. त्या खात्रीपायी मी एकदा चांगलाच अडचणीत आलो, पण त्याआधी गड्ड्यातली, म्हणजे आमच्या गावच्या संक्रांतीच्या जत्रेतली, गोष्ट सांगायला हवी.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या पलीकडे एक नवा तंबू लागला होता. बाहेर फलक : ‘प्रोफेसर नंदन यांचे संमोहनविद्येचे थक्क करणारे प्रयोग’. दुपारच्या खेळाला मी आणि माझी बायको शकुंतला, हत्तुरे आणि दाक्षायणीबाई असे चौघं गेलो. प्रोफेसर म्हणजे चकचकीत कोट घातलेला, पन्नाशीचा, बारीक माणूस. त्यानं आल्याआल्या सगळ्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवायला सांगितली. मग अगदी संथ, एकसुरी आवाजात तो म्हणत राहिला की बोटं घट्ट होत चालली आहेत, आणखी घट्ट, आता ती सुटणार नाहीत. सोडवून बघा, म्हणाला. माझी लगेच सुटली, कारण त्याच वेळी माझ्या मानेला खाज सुटली होती. शकुंतलेनं तर गुंतवलीच नव्हती, तिच्या हातात शेंगा होत्या. हत्तुरेंची बोटं मात्र सुटेनात. दाक्षायणीबाईंनी शेजारून एकेक बोट ओढून पाहिलं. प्रोफेसरनं ते हेरलं आणि अशा अडकलेल्या सहासात जणांना मंचावर बोलावलं.

हत्तुरे चार लोकांपुढे उभे राहायला निघालेत हे पाहूनच आम्हाला निम्मे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. प्रोफेसरनं सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, डोळे मिटायला लावले, उलटे आकडे मोजले. माना खाली गेल्या. मग त्यानं प्रत्येकाच्या हातात सोललेला कांदा दिला आणि सांगितलं की हे काश्मीरचं सफरचंद आहे. दोघांनी तोंडं वाकडी केली, त्यांना त्यानं हळूच खाली पाठवून दिलं. हत्तुरेंनी अख्खा कांदा चवीनं खाल्ला. शेवटी तो म्हणाला, तुम्ही मोठे गवई आहात, मैफल तुमचीच आहे, गा. कुणी रेकलं, कुणी नुसता हात वर करून आ केला. लोक हसून लोळत होते.

हत्तुरेंची पाळी आली. त्यांनी उजवा हात पुढे धरला आणि तो सावकाश गोल फिरवू लागले, जणू समोर जातं आहे. आणि गायला लागले. त्यांची आई दळताना म्हणायची ते कानडी गाणं होतं, असं नंतर कळलं. आवाज भारी नव्हता, पण जात्याच्या फेऱ्याला धरून इतका ठाम चालला होता की पहिल्या दोन ओळींना हसलेले लोक तिसऱ्या ओळीला गप्प झाले. गाणं सहा कडव्यांचं होतं. प्रोफेसरनं मध्ये त्यांना थांबवायचा प्रयत्न केला नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी दाक्षायणीबाई शकुंतलेकडे आल्या आणि मन मोकळं केलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात कधी गुणगुणले नाहीत, आणि परक्या माणसानं उलटे आकडे मोजले की सहा कडवी. त्यांनी त्याच रात्री जेवण झाल्यावर किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या डोळ्यांपुढे हलवला होता. हत्तुरे शहाण्यासारखे डोळे मिटून बसले. बाईंना गाणं मागायचं होतं, पण आयती संधी आहे म्हणून आधी त्यांनी विचारलं, की माझ्या हातचा स्वयंपाक कसा होतो ते खरं सांगा. हत्तुरे डोळे मिटूनच म्हणाले, ‘आमटीत मीठ कमी असतंय.’ जुडगा तिथंच थांबला आणि गाणं राहून गेलं.

पण बाई हुशार होत्या. मंचावर त्यांनी नवऱ्याचा हात पाहिला होता. पुढच्या रविवारी त्यांनी मंद्रूपहून जुनं जातं आणवलं, पावशेर डाळ घेतली आणि हत्तुरेंना समोर बसवून म्हणाल्या, जरा हात लावा, माझा खांदा दुखतोय. चौथ्या की पाचव्या फेऱ्याला हत्तुरे गुणगुणायला लागले. तेव्हापासून त्या घरात दर रविवारी डाळ दळली जाई. डाळ मिळायची मारामार असलेले ते दिवस, पण बाई मूठभर का होईना बाजूला काढून ठेवत.

कचेरीत मात्र हत्तुरेंचा जीव नकोसा झाला. शिपाई जाता येता त्यांच्यापुढे चुटकी वाजवायचे. भूमापनाचे लोक येऊन ‘झोपा’ म्हणायचे. हत्तुरे त्यांच्याकडे बघून हसायचे आणि कार्बन नीट लावायचे. त्यांच्यावर कुणाचा अंमल चालला नाही. पण अव्वल कारकून शंकरप्पा बिराजदार, म्हणजे आमचे साहेब, त्या दुपारी तंबूत मागे बसले होते आणि त्यांच्या डोक्यात तो प्रयोग पक्का बसला.

आता माझ्या अडचणीकडे येतो. त्या वर्षी दुष्काळ होता. खेड्यांतून माणसं दाखल्यांसाठी, कामाच्या कागदांसाठी आमच्या कचेरीत येत आणि मेच्या उन्हात तास तास उभी राहत. सावलीला एक झाड नाही, प्यायला पाणी नाही. बिराजदार साहेबांच्या खोलीत वाळ्याचे पडदे होते. मला ते बघवेना, आणि बोलायची छाती तर नव्हतीच. म्हणून मी वरच्या साहेबांना एक निनावी अर्ज लिहिला : कचेरीपुढे मांडव घालावा आणि पाण्याची सोय करावी. माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो टाइप व्हायला हवा होता. मी तो मसुदा हत्तुरेंच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात मधोमध सारला. संध्याकाळी चार प्रती होऊन गठ्ठ्यात परत आल्या. हत्तुरेंनी मान वर केली नव्हती. मी प्रती काढून घेतल्या आणि एक पोस्टात टाकली. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

वरून तो अर्ज खुलाशासाठी नेमका बिराजदार साहेबांकडेच आला. त्यांनी तो एकदा वाचला आणि कागद उजेडाला धरला. आमच्या मशीनवर ‘ठ’ नेहमी ओळीच्या जरा वर उडे. अर्जातला प्रत्येक ‘ठ’ उडालेला होता. मशीन एकच, टायपिस्ट एकच. मजकूर मात्र हत्तुरेंचा नाही हेही त्यांना कळत होतं, कारण एवढं सलग बोलणारा तो माणूसच नव्हे. त्यांनी हत्तुरेंना विचारलं. हत्तुरे खाली बघत उभे राहिले आणि गप्प.

गप्प माणसाला बोलतं करायचा उपाय साहेबांनी गड्ड्यात पाहिलाच होता. त्यांनी स्टेशनवरून पंधरा दिवसांत संमोहन शिकवणारं एक पातळ पुस्तक आणलं आणि नवव्या दिवशीच प्रयोगाला बसले. जेवणाच्या सुट्टीत हत्तुरेंना खोलीत बोलावलं. जबाब लिहून घ्यायला एक विश्वासू माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं.

मी कागद पुढे घेऊन बसलो. हत्तुरे काही सांगणार नाहीत, कारण त्यांनी वाचलंच नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. साहेबांनी कचेरीचा पितळी शिक्का लाल फितीला बांधला होता. तो हत्तुरेंपुढे हलवत ते पुस्तकातली वाक्यं वाचू लागले. पापण्या जड होत आहेत. शरीर सैल पडत आहे. मला वाटलं, इतर सगळ्यांना हसून टाळणारे हत्तुरे साहेबांनाही टाळतील. पण त्यांनी खरोखर डोळे मिटले. खांदे खाली आले, श्वास लांब झाला, ओठ किंचित उघडे पडले.

‘हा अर्ज तुम्ही टाइप केला?’ साहेबांनी विचारलं.

‘व्हय.’

‘मजकूर वाचला होता?’

‘वाचला की. सगळंच वाचतो.’

माझं पेन कागदावर थांबलं. माकड, डबा, सहा वर्षं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

‘मग मसुदा कुणाच्या अक्षरात होता?’

हत्तुरेंनी एक लांब श्वास घेतला. डोळे मिटलेलेच. आवाज झोपेतल्यासारखा, पण शब्द स्वच्छ. ‘ते सांगायचं नाही असं ठरवलंय.’

‘कुणी ठरवलंय?’

‘मीच की.’

साहेबांनी पुस्तक चाळलं. असं उत्तर आल्यावर काय करायचं ते त्यात कुठंच दिलेलं नव्हतं. त्यांनी पापण्यांचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. हत्तुरे आणखी सैल पडले आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, ‘साहेब, मांडव घातला आन् दोन रांजण ठेवले तर खुलासा एका ओळीचा होतोय. आत्ता टाइप करून देतो.’

एवढं लांब वाक्य त्या खोलीत हत्तुरे कधी बोलले नव्हते. साहेबांनी मला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मग मी नम्रपणे एक शंका काढली : जबाबाच्या वर ‘संमोहित अवस्थेत’ असं लिहावं लागेल, आणि मग कचेरीच्या वेळात टायपिस्टला कोणत्या नियमाखाली झोपवलं असं वरून विचारलं तर? साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

उठवायचं म्हणजे पाचपर्यंत मोजायचं. साहेबांचं चारपर्यंत आलं आणि शिपाई चहा घेऊन आत आला, पाठोपाठ एक मामलेदार आले, साहेब उठून त्यांच्याबरोबर बाहेर गेले. हत्तुरे डोळे मिटून बसून होते. मी दोनतीन मिनिटं वाट पाहिली आणि हळूच म्हणालो, ‘पाच.’ त्यांनी डोळे उघडले आणि समोरचा चहा प्यायला घेतला.

आठवड्यात कचेरीपुढे तट्ट्यांचा मांडव पडला. दोन रांजण आले, त्यांवर ओलं फडकं, साखळीला बांधलेलं डबडं. खुलासा एका ओळीचाच गेला. त्यातला ‘ठ’ही उडालेला होता, पण तो कुणी उजेडाला धरला नाही.

साहेबांच्या प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी मी हत्तुरेंबरोबर चालत निघालो होतो. वाटेत विचारलं, तुम्हाला झोप लागली होती का सोंग होतं?

हत्तुरे म्हणाले, ‘दोन्ही न्हाय. आमच्या मळ्यात विहीर हाय बघा. पायऱ्यापायऱ्यानं उतरलं की वरच्या माणसांचा कालवा ऐकू येतोय, पण लांबून. आत गार असतंय. कुणी ढकलत न्हाय. मीच उतरतो, वाटलं तर वर येतो.’

‘मग कांदा?’

‘कांदाच लागला की. तिखट होता. पण त्यो एवढ्या प्रेमानं सफरचंद म्हणत होता, नको म्हणायची इच्छा झाली न्हाय.’

मशीनवरही तसंच होतं, ते म्हणाले. बोटं आपली चालतात, आपण आत शांत बसायचं, आणि तिथून अक्षर न् अक्षर दिसतं. वर असताना लोकांची भीती वाटते. आत गेलं की वाटत नाही. म्हणून साहेबांनी शिक्का हलवल्यावर त्यांना बरंच वाटलं होतं. जागेपणी त्यांना ते बोलता आलं नसतं. मग मला म्हणाले, ‘माधवराव, मसुद्यात तुमी पाण्याला पहिली वेलांटी दिली होती तीन ठिकाणी. दुरुस्त केली.’

पुढच्या जानेवारीत प्रोफेसर नंदन पुन्हा गड्ड्यात आले आणि आल्याआल्या त्यांनी हत्तुरेंचा पत्ता काढला. खेळात दर वर्षी असा माणूस मिळावा अशी त्यांची इच्छा होती. हत्तुरे नको म्हणाले, पण चहाला घरी बोलावलं. प्रोफेसरचं खरं नाव नंदू, पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. दाक्षायणीबाईंच्या थालीपिठावर खूश होऊन त्यांनी आपली सगळी विद्या दोन वाक्यांत सांगून टाकली. शंभरांतले कोण यायला तयार आहेत ते बोटं गुंतवून शोधायचं, आणि त्यांना जिथं जायला आवडेल तिथलं दार दाखवायचं. बाकी डोळ्यांत जादू वगैरे काही नाही, चष्म्याचा नंबर आहे. दाक्षायणीबाईंनी त्यांना जात्याचं सांगितलं. प्रोफेसरांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, बाई, हे वीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच वर्षी हत्तुरेंची अक्कलदाढ दुखू लागली. दातांच्या डॉक्टर लीलाबाई म्हणजे कडक बाई. पण हत्तुरे सुई बघूनच बेशुद्ध पडत. दोनदा पडले. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, सुई नको, मला मांडीवर टाइप करू द्या. बाईंना वाटलं दुखण्यानं माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. पण हत्तुरेंनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं मांडीवर चालू लागली. ओळीच्या शेवटी हात उचलून गाडी मागे सारत होते. बाईंनी आधी हळूच हिरडीला टोचून पाहिलं. बोटं थांबली नाहीत. मग त्यांनी दाढ काढली. नंतर विचारलं तेव्हा हत्तुरे म्हणाले, दुखत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात दुखत असल्यासारखं.

लीलाबाईंचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण उपयोग सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सुईला फार भिणारा पेशंट आला की त्या शनिवारी दुपारी हत्तुरेंना निरोप पाठवत. भूल तयार ठेवलेली असेच. सगळ्यांना साधलं नाही. एका वकिलाला काही केल्या डोळे मिटता येईनात. तो आपल्याला कसं झोपवतात यावर नजर ठेवून होता. पण पुष्कळांना साधलं. हत्तुरे झोपा असं कधी म्हणत नसत. तुमचा हात रोज काय काम करतो, एवढंच विचारत. जेकॉर्डच्या मागावर चादरी विणणारे, विड्या वळणाऱ्या बाया, भाकरी थापणाऱ्या. प्रत्येकाचा हात त्याला माहीत असलेली वाट धरून आत घेऊन जाई. मितभाषी माणूस, पण त्या खोलीत तासभर बोलायचा, कानडीत, मराठीत, ज्याला जी लागेल ती.

शहात्तर साली मंद्रूपहून त्यांच्या चिगव्वा आल्या, म्हणजे चुलती. नाव निंगव्वा, वय सत्तरीच्या पुढे, सगळं आयुष्य म्हशींत गेलेलं. खालची दाढ सडली होती आणि दवाखान्याची पायरी चढायला त्या तयार नव्हत्या. त्या दिवशी मीही बरोबर होतो. खुर्चीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हत्तुरे शेजारी स्टुलावर बसले आणि चिगव्वाला म्हशीचं विचारू लागले. कोणती दुभती आहे, कुठल्या बाजूनं बसता, पान्हा चटकन सोडते का लाथाडते. म्हातारीनं आधी डोळे मिटूनच शिव्या दिल्या, मग म्हशीची हकीकत सांगू लागली, मग सांगणं हळू झालं आणि तोंडावरचे हात खाली आले. मुठी वळल्या आणि एकाआड एक, सावकाश, खाली वर होऊ लागल्या. हत्तुरे मध्येच म्हणत, धार भांड्यात वाजतेय, आता फेस आला. लीलाबाईंनी मला हातानंच गप्प राहायला खुणावलं.

दाढ निघाली, कापसाचा बोळा बसला, रक्त थांबलं. तरी मुठी चालूच होत्या. हत्तुरे म्हणाले, चिगव्वा, झालं, उठा.

म्हातारीनं डोळे उघडले. ताटलीतली दाढ पाहिली, पुतण्याकडे पाहिलं, आणि बोळा गालात सारून रागानं म्हणाली, ‘मधीच उठवलंस व्हय रे. निम्मी धार राहिली की.’

‘रेडकाला ठेवलीय,’ हत्तुरे म्हणाले.

ते चिगव्वांना पटलं. पदर सावरून त्या खुर्चीतून उतरल्या आणि दाढ कागदात बांधून मागितली, गावाकडं दाखवायला.